ओटी भरली, सातबारा रिकामा

इन्स्टाग्रामवर सध्या एका प्रकारची रील खूप चालते. आधी इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या चर्चच्या भिंतीवर कंपासानं कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल. मग आयर्लंडच्या दगडातली, पाय फाकून बसलेली शीला-ना-गिग. मग युक्रेनी भरतकामातला ठिपक्यांचा चौकोन. आणि शेवटी आपलं काहीतरी: लज्जागौरी, वारली चौकातला पालघट, दारातली लक्ष्मीची पावलं. मागे बासरी वाजते. खाली मजकूर असा, की जगभरच्या प्राचीन माणसांना स्त्रीशक्ती कळली होती, ही रक्षणाची आणि सुफलतेची चिन्हं त्याचा पुरावा आहेत, आणि आपण आधुनिक लोक ते सगळं विसरून बसलो.

माझं या रीलशी भांडण आहे.

चिन्हं सुंदर आहेत. त्यातली कित्येक बायकांनी पिढ्यानपिढ्या स्वतःच्या हातानं काढली आहेत. ती जपली पाहिजेत, त्यांचा अभ्यास झाला पाहिजे. हे सगळं मान्य. पण ती स्त्रीशक्ती सांगतात, हे मान्य नाही. सुफलतेची बहुतेक चिन्हं नीट वाचली तर एकच वाक्य सांगतात: बाई म्हणजे जमीन. जमीन काळी आई असते, जमिनीला हळदकुंकू वाहतात, तिच्या पाया पडतात. आणि जमीन कधीही स्वतःची मालक नसते.

चौलमधून हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं फार थोड्या ठिकाणांहून दिसत असेल. कारण मराठीतला सर्वांत जुना मानला जाणारा शिलालेख इथून जवळ आहे, रोगापासून राखणारी देवी गावातच आहे, आणि आजूबाजूच्या जमिनीला सध्या सोन्याचा भाव आला आहे. तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघायच्या, एवढंच करायचं आहे.

आक्षीचा दगड

चौल हे जुनं बंदर. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६च्या सुमारास इथं आला, तेव्हा या किनाऱ्यावर शिलाहारांचं राज्य होतं. चौलहून अलिबागकडे निघालं की आधी नागाव लागतं आणि मग आक्षी. आक्षीत शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२चा शिलालेख आहे. राजा केसीदेवराय, त्याचा प्रधान भइर्जू सेणुई, आणि महालक्ष्मीच्या बोडणासाठी धान्याची नेमणूक, असा त्याचा आशय वाचला जातो. बोडण म्हणजे सवाष्णींनी आणि कुमारिकांनी मिळून देवीला घालायचं जेवण. कोकणातल्या काही घरांत ते आजही होतं. आपल्या भाषेतलं दगडावरचं इतकं जुनं वाक्य देवीच्या जेवणाबद्दल आहे, हे वाचून छान वाटतं. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतर तर या दगडाचा अभिमान आणखी वाढला.

पण हा दगड ज्या जातीचा आहे, तिचं नाव अभिमानानं घेणारे कमी भेटतात. या दगडांना गद्धेगाळ म्हणतात. गाळ म्हणजे शिवी. शिलाहार आणि यादव काळात कोणी जमीन किंवा उत्पन्न दान दिलं, की ते दान मोडलं जाऊ नये म्हणून असा दगड रोवायचे. त्याची साधारण रचना ठरलेली असते. वर चंद्रसूर्य, म्हणजे दान चंद्रसूर्य असेतोवर टिको. मध्ये मजकूर. आणि खाली, जमिनीच्या सर्वांत जवळ, एका बाईवर चढलेलं गाढव. अर्थ असा: जो कोणी हे दान मोडील, त्याच्या आईला हे होवो.

हे रक्षणाचं चिन्ह आहे. अगदी शब्दशः. ते जमिनीचं रक्षण करतं. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही चित्र कळावं अशी सोय आहे. आता प्रश्न असा, की गुन्हा करणार पुरुष, दान देणारा पुरुष, घेणारा बहुतेक वेळा पुरुष, मग शिक्षा त्याच्या आईला का?

याचं सोपं उत्तर म्हणजे तेव्हाही शिव्या आईवरूनच देत असत. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. आपल्याकडे 'गाढवाचा नांगर फिरवणे' असा वाक्प्रचार आहे. एखादं गाव उजाड करायचं, तिथं पुन्हा काही पिकू नये असं ठरवायचं, तर बैलांऐवजी गाढवं जुंपून नांगरायचं. आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुण्यावर असा नांगर फिरवला, आणि मग जिजाऊंनी बाळ शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवून घेतला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. गाढव म्हणजे नापीकपणा. गाढवाचा नांगर जमिनीवर फिरला काय आणि गाढव बाईवर चढलं काय, चित्राचा अर्थ एकच होतो. काही अभ्यासकांनी गद्धेगाळातली बाई म्हणजे भूमीच, असं वाचलं आहे ते याचसाठी. म्हणजे गद्धेगाळ हे सुफलतेचंच चिन्ह आहे, फक्त उलटं करून धरलेलं. ज्या कल्पनेनं बाईची कूस पवित्र केली, त्याच कल्पनेनं ती विटाळण्याची धमकी शक्य केली. एक बाजू रीलमध्ये टाकायची आणि दुसरी पालथी घालून ठेवायची, असं करता येत नाही.

लोक मात्र तेच करत आले आहेत. काही गावांत हे दगड अपशकुनी म्हणून पालथे घातले गेले. काही गावांत त्यांना शेंदूर फासून देवी केलं. शेंदराच्या थराखाली गाढव दिसेनासं झालं की नमस्कार करायला अडचण उरत नाही. आजच्या हेरिटेज पोस्टवरचा फिल्टर तरी वेगळं काय करतो?

नांगर सगळीकडे सारखाच

इथं कोणी म्हणेल, की हा आपल्या सरंजामी मध्ययुगाचा दोष. युरोपातल्या त्या ख्रिस्तपूर्व, निसर्गपूजक धर्मांत बाईला मान होता. रीलचं सगळं आकर्षण याच समजुतीवर उभं आहे. ती तपासू.

प्राचीन अथेन्स हे पेगन शहर. तिथं अथीनासारखी देवी नगराची रक्षक होती. त्याच शहरात मुलीचं लग्न ठरवताना बाप होणाऱ्या जावयाला म्हणायचा, की औरस मुलांच्या नांगरणीसाठी ही मुलगी तुला देतो. मेनँडरच्या नाटकांत हा बोल सापडतो. नांगरणी हाच शब्द. आपल्याकडे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बाईला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटलंय, आणि नवऱ्याऐवजी दुसऱ्यापासून झालेल्या मुलाला 'क्षेत्रज' असा शब्द आहे. ज्याचं शेत त्याचं पीक, असा तो हिशोब. दोन्ही समाजांना शेतीचा पत्ता होता, आणि शेती करणाऱ्या समाजांना हे रूपक सुचायला फार वेळ लागत नाही.

तो ठिपक्यांचा चौकोन घ्या. साठच्या दशकात सोव्हिएत संशोधक आम्ब्रोझनं रशियन शेतकरी बायकांच्या भरतकामातल्या चौकोनाचा अर्थ सुफलतेशी जोडला. त्यात ठिपके असले की ते पेरलेलं शेत, असं वाचन पुढं रूढ झालं. आजच्या युक्रेन-मोल्दोव्हा भागातल्या अतिप्राचीन त्रिपिल्या संस्कृतीत मातीच्या बाईच्या पोटावर असाच चौकोन सापडतो. किती सुंदर, असं वाटतं. सुंदर आहेच. पण ते शेत आहे.

शीला-ना-गिगचं काय? इंग्लंडमधल्या किल्पेक गावच्या बाराव्या शतकातल्या चर्चच्या छताखाली ती बसली आहे. तिला कोणी सुफलतेची देवी म्हणतं, कोणी वाईट नजर परतवणारी राखणदार, तर कोणी वासनेपासून सावध राहा असं सांगणारी पाद्र्यांची ताकीद. रोनाल्ड हटनसारखे इतिहासकार चर्चमधल्या प्रत्येक आकृतीला पेगन देवी ठरवणाऱ्यांकडे पुरावा मागतात, आणि पुरावा बहुतेक वेळा नसतो. तो शोधण्यापेक्षा पोस्ट टाकणं सोपं.

आपली लज्जागौरी जास्त जुनी आणि जास्त पक्की. मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला तिच्या लहान मूर्ती सापडल्या. रा. चिं. ढेऱ्यांनी तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. तिची मांडी उघडी असते, पोट भरलेलं असतं आणि मान संपते तिथं कमळ असतं. चेहरा नाही. हल्ली तिचे टॅटू निघाले आहेत. ज्या मूर्तीत पोट आणि योनी अत्यावश्यक आणि डोकं ऐच्छिक आहे, तिला स्त्रीमुक्तीचं चिन्ह म्हणायला आपण इतके आतुर का आहोत?

देवी आणि देवीचा डॉक्टर

आता दुसरी बाजू. कारण ही चिन्हं म्हणजे नुसता बायकांविरुद्धचा कट आहे असं म्हटलं, तर तेही खोटं होईल.

चौलमध्ये शितळादेवीचं देऊळ आहे. लांबून लोक ओटी भरायला येतात. शितळा ही मुळात देवी या रोगाची देवी. मराठीत रोगाचं आणि देवतेचं नावच एक होतं: घरात कोणाला 'देवी आल्या' म्हणायचे. अंगाची आग होणारं पोर, आणि त्याला शीतल करणारी ती शितळा. परंपरेनं तिचं रूप असं: हातात झाडू आणि कलश, डोक्यावर सूप, आणि वाहन गाढव.

तेच गाढव. आक्षीच्या परिसरात जे प्राणी बाईवर सोडून जमीन राखायची, त्याच प्राण्यावर बसून इथं बाई पोरं राखते. मला या किनाऱ्यावरची ही सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट वाटते. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो. ते कोणाच्या हातात आहे आणि कशाला भिऊन उचललंय, यात असतो. गद्धेगाळामागची भीती मालमत्ता जाण्याची आहे. शितळेपुढची भीती लेकरू जाण्याची आहे. दुसऱ्या भीतीला हसायचा अधिकार कोणालाच नाही. तापानं फणफणलेल्या मुलाशेजारी रात्र काढणाऱ्या बाईकडे दुसरं काय होतं? कडुलिंबाची डहाळी, गार पाणी आणि एक नाव.

मग तिच्याकडे दुसरं काहीतरी आलं. १४ जून १८०२ला मुंबईत ॲना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि ती भारतातली पहिली यशस्वी लस ठरली. पुढं लस टोचणारा माणूस गावोगाव फिरू लागला आणि लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'देवीचा डॉक्टर'. १९७५नंतर भारतात देवीचा रुग्ण नाही. १९८०मध्ये जगातूनच रोग संपल्याचं जाहीर झालं. एवढं होऊन शितळेचं देऊळ ओस पडलं नाही. आपल्या आज्ज्यांनी दंडावर लसीचा व्रणही बाळगला आणि देवीला नारळही दिला.

म्हणून माझं म्हणणं चिन्हं फेकून द्या असं नाही. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं 'लिंबूमिरचीमागे विज्ञान आहे' असं तर मुळीच नाही. लिंबूमिरचीमागे भीती आहे, आणि भीती प्रामाणिक असते. ती प्रामाणिकपणे वाचली की मग विचारता येतं: भीती कोणाची होती, राखलं कोणाला, आणि किंमत कोणी दिली?

दोन ओट्या

हाच प्रश्न आता ओटीला विचारू. ओटी हे आपलं सगळ्यात जिवंत सुफलतेचं चिन्ह. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. कोकणात तांदूळच, कारण इथं भात पिकतो. पदराची झोळी करून पोटाशी धरायची आणि तिच्यात ओंजळीनं धान्य घालायचं. पोट भरो, कूस उजवो, वंश वाढो. युक्रेनच्या चौकोनात जे ठिपके आहेत, ते इथं खरोखरचे दाणे आहेत.

ओटी कोणाची भरतात? नवरा जिवंत असलेल्या बाईची. गरोदर असली तर थाटानं. मूल होत नसलेल्या बाईची भरतानाही सगळ्यांचे डोळे तिच्या पोटावर असतात. आणि विधवेची भरत नाहीत. तिच्याकडे तेच शरीर आहे, तेच हात आहेत, तिनं तीन पोरं वाढवली आहेत. पण शेताचा मालक गेला, तेव्हा आता पेरणीचा प्रश्न नाही. शब्द कठोर आहेत, पण रीतीचा अर्थ याहून मऊ करून सांगता येत नाही. चिन्ह जर बाईच्या शक्तीचं असतं, तर नवरा मेल्यावर ती शक्ती संपली कशी असती?

मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. चांगलं झालं. हेरवाडनं कोणतंही चिन्ह मोडलं नाही हे लक्षात घ्या. कुंकू ठेवलं, बांगड्या ठेवल्या. फक्त त्यांचा नवऱ्याच्या श्वासाशी असलेला करार रद्द केला. चिन्हाशी भांडायचं कसं, याचा हा उत्तम धडा आहे.

पण कोकणात ओटी हा शब्द दोन अर्थांचा आहे. एक ओटी बाईच्या पदरातली. दुसरी घरापुढची, जिथं पाहुणे टेकतात, पानसुपारी होते, आणि जमिनीची बोलणी होतात. पहिली ओटी माजघरात भरली जाते, दुसरीवर कागद पसरले जातात. आणि या दोन ओट्यांच्या मध्ये जे घडतं, त्यासाठी हा लेख आहे.

भावाला नाही म्हणतेस?

या किनाऱ्यावर जमिनीसाठी रक्त आटवलं गेलं आहे. याच अलिबाग तालुक्यातल्या चरीला १९३३ ते १९३९ असा सलग सहा वर्षं शेतकऱ्यांचा संप झाला. नारायण नागू पाटील पुढारी होते. खोतांच्या शेतात नांगर धरायला कुळांनी नकार दिला, उपासमार सोसली. १९३४मध्ये डॉ. आंबेडकर चरीला येऊन गेले, १९३७मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढं खोती गेली, कुळकायदा आला, कसणाऱ्याला जमीन मिळाली. कसणारे नवरा-बायको दोघं होते. भातलावणीला चिखलात वाकलेली पाठ बाईचीच असते, हे सांगायला पुरावा लागत नाही. कागदावर कसणारा म्हणून नाव बहुतेक ठिकाणी पुरुषाचं लागलं.

त्याच आंबेडकरांनी पुढं दिल्लीत हिंदू कोड बिलात मुलीला वारसा हक्क मागितला आणि ते बिल रखडलं म्हणून, इतर कारणांसोबत, १९५१मध्ये मंत्रिपद सोडलं. आपला तालुका चरीचे आंबेडकर आठवणीत ठेवतो. मुलीच्या वाट्याचे आंबेडकर मात्र ओटीवर कागद पसरले की कोणाला आठवत नाहीत.

कायदा आता संदिग्ध नाही. महाराष्ट्रानं १९९४मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची अट गेली. ११ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की हा हक्क जन्मानं आहे. २००५मध्ये बाप जिवंत होता की नव्हता याचा संबंध नाही.

आणि तरीही २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांत बायका सुमारे १४ टक्केच होत्या. मध्ये काय घडतं? मध्ये हक्कसोडपत्र घडतं.

प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मार्च २०२०मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, २०२४मध्ये अटल सेतू आला, मुंबईच्या गाड्या शनिवारी थेट अंगणात येऊ लागल्या. वाडीतला जो तुकडा दहा वर्षं कोणी विचारत नव्हतं, त्याला गिऱ्हाईक आलं. सातबारावर बहिणींची नावं लागलेली असतात. मग फोन येतो. ताई, जेवायलाच ये, पोरांनाही आण. ताई येते. भाऊजय प्रेमानं जेवायला वाढते. मग ओटीवरून हाक येते, 'एक सही कर गं ताय, तलाठ्याकडे द्यायचीय.' तिनं क्षणभर कागदाकडे बघितलं की कोणीतरी म्हणतं, 'भावाला नाही म्हणतेस? माहेर तोडायचंय काय?' ती सही करते. निघताना तिची ओटी भरतात. नारळ, खण, मूठभर तांदूळ.

आपल्याच बापाच्या शेतातले तांदूळ, मूठभर.

भाऊ वाईट असतो असं नाही. त्यानं म्हाताऱ्यांना सांभाळलेलं असतं, कर्ज फेडलेलं असतं, त्याला खरोखर वाटतं की बहिणीनं वाटा मागणं हा अपमान आहे. पण त्याला असं वाटतं कशामुळं? बहीण ही माहेरची लक्ष्मी आहे, तिची ओटी भरणं आपलं कर्तव्य आहे, हे त्याला शिकवलंय म्हणून. लक्ष्मी घरात येते, घरातून जाते, घराला बरकत देते. लक्ष्मीचं नाव सातबारावर कुठं असतं? चिन्हानं बहिणीला इतकं वर बसवलं, की तिला जमिनीवर जागाच उरली नाही. आणि म्हणूनच मला त्या बासरीवाल्या रीलचा राग येतो. 'तू सृजन आहेस, तू धरती आहेस' हे वाक्य हक्कसोडपत्राच्या अगदी कामाचं आहे. धरतीला कोणी वाटा देत नाही. धरतीचेच वाटे होतात.

'पण' म्हणणाऱ्यांसाठी

पहिला 'पण': ही चिन्हं बायकांनी स्वतः घडवली. वारली लग्नात देवचौक सवाशिणी काढतात, धवलेरी गाणी म्हणते, तेव्हा पालघट देवी येते. चैत्रात गौरीपुढं चैत्रांगण बायका काढतात. तिथं पुरुषाला काम नाही. ही बायकांची स्वतःची जागा नव्हती का?

होती. आणि ती मोलाची होती. त्या रेषा काढणाऱ्या हातांना जी चित्रभाषा येत होती, ती कोणत्याही कलाशाळेत शिकवली जात नव्हती. पण त्या जागेचं पुढं काय झालं ते बघा. सत्तरच्या दशकात वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आली, त्यांना पैसा आणि नाव मिळू लागलं. पहिलं मोठं नाव जिव्या सोमा मशे यांचं. २०११मध्ये पद्मश्री, २०१८मध्ये निधन. ते असामान्य चित्रकार होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण जी कला चौकात असताना बायकांची होती, ती विकाऊ झाल्यावर प्रामुख्यानं पुरुषांच्या नावावर ओळखली गेली. रीत असते तोवर बाईची, मिळकत झाली की बाप्याची. चित्राचं झालं तेच शेताचं झालं.

दुसरा 'पण': एवढा अर्थ कोण काढतं? आम्ही हौसेनं ओटी भरतो, फोटो काढतो, संपलं.

खरं आहे, रोज कोणी अर्थ काढत नाही. चिन्हाचं काम अर्थ न काढताच चालतं, म्हणून तर ते इतकं टिकतं. नाही म्हणणाऱ्या बहिणीकडे बघून लोकांच्या भुवया उंचावतात, तेव्हा कोणीही मनुस्मृती उघडलेली नसते.

तिसरा 'पण' माझ्याच बाजूच्या लोकांचा: मग सगळं बंद करा, अंधश्रद्धा आहे.

बंद करून काय मिळेल? ओटी बंद होईल आणि हक्कसोडपत्र चालूच राहील. सही करून घ्यायला नारळ लागतोच असं नाही.

लक्ष्मीचं नाव कागदावर

यातून वाट काढणारे लोक आपल्याकडेच होऊन गेले आहेत. शेतकरी संघटनेनं १९८६मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं. काही वर्षांनी शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली. मागणी साधी होती: घरच्या लक्ष्मीच्या कष्टाचं कर्ज आहे, ते फेडा, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. ज्या गावात शंभर घरांनी असं केलं, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. सरकारनंही पुढं याच नावाची योजना काढली.

यात लक्ष्मी हा शब्द कोणी टाकून दिला नाही, त्याची टवाळीही केली नाही. लक्ष्मी म्हणताय ना, मग तिच्या नावानं फेरफार करा, इतकंच म्हटलं. जसं हेरवाडनं कुंकू ठेवून करार मोडला, तसं इथं देवीचं नाव ठेवून मालकी बदलली. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर बापाच्या नावाआधी आईचं नाव लागतं, तेही याच वाटेवरचं एक पाऊल. आक्षीच्या काळात आई दगडाच्या तळाशी होती, शिवीत. हजार वर्षांनी ती कागदाच्या पहिल्या ओळीत आली. आता सातबाराच्या ओळीत यायला अजून किती?

तेव्हा रील बनवणाऱ्यांनो, जरूर बनवा. पण आक्षीच्या शिलालेखाची बनवाल तेव्हा गद्धेगाळ म्हणजे काय तेही सांगा. लज्जागौरी दाखवाल तेव्हा तिला चेहरा नाही हे सांगा. शितळेची दाखवाल तेव्हा लसही सांगा.

आणि ज्यांच्या घरात या दिवाळीत, या भाऊबीजेला बहिणी येणार आहेत, त्यांनी एक करा. महाभूलेखवर आपल्या गटनंबरचा सातबारा फोनवर दिसतो. आत्याचं नाव आहे का, आईचं आहे का, बहिणीचं आहे का, की मागच्या कुठल्या तरी फेरफारात 'हक्क सोडला' असं लिहून ते गेलंय, ते बघा. विधवा काकू घरात असेल तर तिची ओटी सगळ्यांआधी भरा. आणि बहिणीची भरताना नारळाबरोबर त्या सातबाराची एक प्रत ठेवा, तिच्या नावासकट.

ओटीत तेवढी जागा असते.